वाटीतली बटणं

जुन्या बटणांचा डबा डावीकडे, रिकामी वाटी उजवीकडे. आठवा महिना लागल्यापासून घरच्या सुनेचा, धाकटीचा, दिवस असाच मांडला जायचा. पोटात बाळ हललं की डब्यातलं एक बटण उचलायचं आणि वाटीत टाकायचं. दहा झाली की ती मोकळी. ही रीत आत्याची, चाळीस वर्षं सुईणपण केलेल्या बाईची.

"बोटांवर मोजशील तर विसरशील," आत्यानं बजावलं होतं. "शिंप्याच्या घरात बटणांना काय तोटा?"

नणंदेनंही या वेळी नाक मुरडलं नव्हतं. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची, म्हणून घरात तिचं नाव भिंगवाली. एरवी आत्याच्या प्रत्येक उपायावर तिचा एक तरी आक्षेप असायचाच. "आम्ही कागदावर खुणा करायला सांगतो," ती म्हणाली होती, "पण बटणं बरी. खुणा खोट्या मारता येतात."

त्या रविवारी सगळं घर खालच्या मजल्यावर, कामाच्या खोलीत उतरलं होतं. शाळेच्या दीडशे शर्टांची ऑर्डर सोमवारी सकाळी जायची होती. लांब टेबलावर मास्तर शेवटचे खिसे बेतत होते. हे मास्तर म्हणजे सासरे, पण पोटची मुलंसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. धाकटीचा नवरा कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशिनीवर बसला होता. अंगानं इतका किडकिडीत की लहानपणापासून त्याला दोरा हेच नाव पडलं होतं. सासूबाई इस्त्रीपाशी उभ्या होत्या. आत्या खिडकीखाली बसून कच्ची टीप उसवत होती. भिंगवालीला सुट्टी होती, म्हणून तिला कॉलरी दिल्या होत्या.

"ही कॉलर आहे की मांजराचा कान?" मास्तरांनी एक वर धरून विचारलं.

"मास्तर, मी माणसं तपासते. शर्ट नाही."

"माणसंही अशीच तिरकी तपासतेस का?"

खोलीत हशा पिकला. धाकटीही हसली, पण तिचा हात पोटावर होता. काज करायच्या मशिनीवर ती सकाळपासून बसली होती. बाळ एकदा हललं होतं, न्याहारीनंतर. मग एकदा, अगदी हलकं, कुणी आतून कूस बदलावी तसं. मग आणखी एकदा. तीन. त्यानंतर बराच वेळ काही नाही.

बारा दिवसांपूर्वी फ्लूनं तिला आडवं केलं होतं. चार दिवस ताप, छातीत घरघर, हाडं कुटून काढल्यासारखं अंग. औषध मिळालं, ताप उतरला आणि घरानं सुस्कारा सोडला. त्याआधी तीन दिवस सासूबाई इस्त्रीवर वाकून खोकत होत्या. "कापडाची धूळ गं," असं म्हणत होत्या. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि कुणी बोलत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, पहिल्या वेळी, सातव्या महिन्यात पाळणा रिकामा राहिला. तेव्हा मात्र सासूबाई बोलल्या होत्या. "माहेरी जाऊन थंडी अंगावर घेतलीस, दुसरं काय." वाक्य एकदाच उच्चारलं गेलं. पण शिवलेल्या कापडात राहून गेलेल्या सुईसारखं ते घरात राहिलं. कुणी कुठं हात ठेवावा आणि ते टोचावं.

धाकटी उठली. "जरा वर जाऊन तोंड धुऊन येते."

ती परतली तेव्हा दोऱ्यानं मशीन थांबवून विचारलं, "किती झाली?"

ती 'तीन' म्हणणार, तोच इस्त्रीपलीकडून सासूबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं. "अगं, भरलीय की वाटी! डझनभर तरी असतील. उगाच चेहरा पाडून बसू नकोस."

धाकटीनं वाटीकडे पाहिलं. खरंच की, पांढऱ्या बटणांचा छोटा ढीग होता. तिला आठवत होती तीनच. पण हाताला सवय झालेली, मन काजांत गुंतलेलं, टाकलीही असतील. विश्वास ठेवावा असं ते दृश्य होतं आणि तिला विश्वास ठेवायचाच होता. सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. दोऱ्यानं शीळ घातली. मशिनं पुन्हा घरघरू लागली.

*

सासूबाईंनी वाटी उचलली ती फक्त बाजूला ठेवायला. इस्त्रीची वायर त्या वाटीला अडकत होती.

पन्नास वर्षं बटणं हाताळलेलं बोट ते. डोळ्यांच्या आधी बोटाला कळलं. डब्यातली जुनी बटणं दोन भोकांची होती. बोटाखाली आलं त्याला चार भोकं होती. शाळेच्या शर्टांचं. त्याखालचंही चार भोकांचं. त्यांनी पाठ वळवून वाटी तळहातावर उलटी केली आणि बोटानं निवडलं. चार भोकांची दहा. दोन भोकांची तीन.

टेबलावर सांडलेली बटणं मास्तरांनी आवरली असणार, आणि हाताशी आलेल्या वाटीत ओतली असणार. मास्तरांची ती जुनी खोड, सापडेल त्या भांड्यात बटणं.

खोलीत मशिनं चालू होती. कुणाचं लक्ष नव्हतं. सासूबाईंच्या मनात तेवढ्या अवधीत कितीतरी गोष्टी येऊन गेल्या. आता बोलले तर सगळे विचारतील, बाळ का हलत नाही. मग फ्लू निघेल. मग खोकला निघेल. बारा दिवस सगळ्यांनी मिळून झाकून ठेवलेलं भांडं मीच उघडायचं? आणि काही नसेलच तर? लेकरू झोपलं असेल. लेकरं झोपतात.

पण तळहातावर तीनच बटणं होती.

"थांबवा!" त्या ओरडल्या. इतक्या मोठ्यानं की आत्याच्या हातातला दोरा तुटला. "मशिनं थांबवा सगळी! ही वाटी खोटी आहे. तीनच आहेत. सकाळपासून तीनच!"

मास्तर कात्री हातात घेऊन उभेच राहिले. "मी... मी फक्त टेबल आवरलं गं."

"तुमचं आवरणं राहू द्या!" सासूबाई सुनेपाशी पोचल्यासुद्धा होत्या. "किती वेळ झाला? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"दोन तास," धाकटी म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. "दोन तासांहून जास्त."

आत्या काठी न घेता उठली. तिनं धाकटीच्या पोटावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले, आणि सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आत्यानं हात काढले.

"हे आता माझ्या हातांचं काम नाही," ती म्हणाली. "पायांचं आहे. चला."

"पण ताप तर गेला होता ना?" दोऱ्यानं बहिणीला विचारलं. गाडीच्या किल्ल्या त्याला खिशात सापडत नव्हत्या, आणि त्या त्याच्या हातातच होत्या. "ताई, डॉक्टर म्हणाले होते, बरी झाली."

"ती बरी झाली," भिंगवाली चप्पल शोधत म्हणाली. "बाळाला पोसणाऱ्या वारेनं काय सोसलं, ते बाहेरून दिसत नाही. ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा कळू शकतं."

"तशी वार मी पाहिलीय," आत्या म्हणाली. "दोनदा. आईला साधा खोकला-ताप, आणि नंतर वार हाताला लागली ती कडक. मला तेव्हा कारण कळलं नव्हतं."

"आज कळेल. दोघी मिळून पाहू."

आत्या आणि भिंगवाली एका बाजूनं बोलताहेत, हे त्या घरात सणासुदीलाही घडलं नव्हतं. पण त्या क्षणी कुणाला नवल करायला वेळ नव्हता. तयार शर्टांचे गठ्ठे गाडीतून धडाधड बाहेर फेकले गेले, आणि धाकटी मागच्या सीटवर सासूच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. सासूबाईंच्या मुठीत अजून ती तीन बटणं होती.

*

इस्पितळात धाकटीच्या पोटाला दोन पट्टे बांधले, आणि यंत्रातून कागद सरकू लागला. दोरा त्या कागदाकडे बघत होता. रेघ सरळ होती. अगदी सफाईदार, मशिनीची सरळ टीप असावी तशी. त्याला वाटलं, छान आहे.

"छान नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळाच्या ठोक्यांची रेघ अशी गुळगुळीत नको. वरखाली हवी."

"म्हणजे झिगझॅग?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "हो. झिगझॅग."

मग ती रेघ अचानक खाली घसरली, आणि वर यायला तिनं वेळ घेतला. खोलीतल्या माणसांची चाल बदलली. सही, टोपी, चाकांची खाट. पोटातल्या रक्तप्रवाहाचं चित्र घाईनं बघितलं गेलं. नाळेतून बाळाला मिळायचं तेवढं रक्त मिळत नव्हतं. चौतिसावा आठवडा होता. "बाळ लहान आहे, पण आत थांबण्यापेक्षा बाहेर बरं," डॉक्टरीणबाईंनी तीन वाक्यांत सांगितलं आणि चौथं बोलायला थांबल्या नाहीत.

खाट दाराशी पोचली तेव्हा धाकटीनं सासूचा हात धरला. "आई, मी या वेळी कुठंच गेले नव्हते हो. घरातच होते."

सासूबाईंना उत्तर द्यायचं होतं. दार मिटलं.

बाहेर बाकड्यावर ती पाच जणं बसली. मास्तर मागून बसनं आले होते, गळ्यात टेप तसाच लोंबत. त्यांनी टेपाची गुंडाळी करायला सुरुवात केली, सोडली, पुन्हा केली. आत्याचे ओठ हलत होते. तिला आयुष्यभराची सवय, दुसऱ्याच्या वेणा चालू असल्या की दोन ओळी आपोआप जुळायच्या. सासूबाईंनी कान दिला.

"लेकराच्या गं भवती, लाल मऊ अस्तर,
बाहेरचा वणवा, आत पोचेना तसूभर."

"वन्सं, पुन्हा म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

आत्यानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणत असताना दारापलीकडून आवाज आला. आधी मांजराच्या पिलासारखा, चिरका, तुटक. मग त्या तुटक आवाजाला जणू स्वतःचाच राग आला, आणि तो असा काही उसळला की परिचारिका दार ढकलून हसतच बाहेर आली.

"मुलगी! पावणेदोन किलोची, आणि आवाज पाच किलोचा!"

दोरा उठला आणि पुन्हा खाली बसला. मास्तरांनी टेप हवेत उडवला. तो दिव्याच्या दांड्याला जाऊन अडकला, आणि पुढचे चार दिवस तिथंच लोंबत राहिला.

"वार टाकू नका!" भिंगवाली परिचारिकेच्या मागे धावली. "वार माझ्या खोलीत पाठवा!"

*

चौथ्या दिवशी सकाळी भिंगवालीच्या प्रयोगशाळेत तीन बायका उभ्या होत्या. पोलादी ओटा, नळ, वजनकाटा, काचपट्ट्यांचे ट्रे, औषधाचा नाकात जाणारा वास. आत्या येणारच होती. सासूबाई येतील असं मात्र भिंगवालीला वाटलं नव्हतं.

"मला बघायचंय," त्या दारातच म्हणाल्या होत्या. "तुझ्या भाषेत सांगू नकोस. माझ्या भाषेत सांग."

"अहवालावर सही आमच्या सरांची आहे. घरच्या माणसाचं मी लिहीत नाही. पण सरांबरोबर मी प्रत्येक काच पाहिलीय." भिंगवालीनं ट्रे पुढे ओढला. त्यात वारेचे काप मांडले होते, पावाच्या कापांसारखे एकाशेजारी एक.

आत्या वाकली. "पूर्ण पडली होती?"

"पूर्ण. पण लहान. या आठवड्याला हवी त्यापेक्षा बरीच हलकी भरली."

"आणि हे?" आत्याचं बोट एका कापावरच्या फिकट, पांढुरक्या जाळीवर थांबलं. "हीच. अगदी हीच माझ्या हाताला लागली होती. कडक."

भिंगवालीनं आईकडे पाहिलं. "आई, वार म्हणजे अस्तर समज. एका बाजूला तुझी सून, दुसऱ्या बाजूला बाळ. आत मऊ मऊ झुपके असतात, आणि त्या झुपक्यांमधल्या मोकळ्या जागेतून आईचं रक्त खेळतं. त्यातूनच बाळाला हवा, अन्न, सगळं मिळतं. आता या मोकळ्या जागेत कुणी खळ ओतली तर?"

"कापड ताठ होईल. पाणीसुद्धा जिरणार नाही."

"तसंच झालं. फ्लूचा विषाणू तिच्या छातीत होता. पण त्याच्याशी लढायला तिचं सगळं शरीर उठलं आणि ती धग रक्तातून इथवर आली. रक्त गोठवणारी खळ इथं साचली. जवळजवळ एक तृतीयांश वार निकामी झाली होती. दर वेळी असं होत नाही. फ्लू झालेल्या बहुतेक बायकांच्या वारेला काही होत नाही. हिच्या वारेला झालं."

"आणि तो विषाणू? बाळात?"

"नाही." भिंगवालीचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि तिला तो आवरावासा वाटला नाही. "बाळाची तपासणी केली, वारेची केली. दोन्हीकडे काही नाही. आई, या अस्तरानं सगळं स्वतःवर घेतलं. बारा दिवस दोन तृतीयांश वारेवर त्या पोरीनं दम धरला, आणि दम संपत आला तेव्हा हलायचं थांबवून निरोप धाडला. तो तू वाचलास."

सासूबाईंनी ओट्याची कड धरली. ट्रेकडे त्या बराच वेळ पाहत होत्या. उसवलेला, झिजलेला, तरी न फाटलेला एखादा कोट बघावा तशा.

"खोकला माझ्याकडून गेला," त्या म्हणाल्या.

आत्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"असेल," भिंगवाली म्हणाली. "दुकानात येणाऱ्या कुणाकडूनही गेला असेल. मला सांगता येत नाही. पुढच्या वेळी तोंडाला फडकं बांध आणि धूळ आहे म्हणू नकोस, एवढंच."

"आणि पहिल्या वेळी? तेव्हाही तिला सर्दीच झाली होती. तेव्हा काय झालं होतं?"

नळ ठिबकत होता. भिंगवालीनं तो घट्ट बंद केला.

"तेव्हाची वार कुणी पाहिलीच नाही. कुणी मागितली नाही, मी तेव्हा शिकत होते, आत्या गावाला होती. त्यामुळे मला सांगता येणार नाही, आई. कधीच." ती थांबली. "पण तुलाही सांगता येणार नव्हतं. तरी तू सांगितलंस."

सासूबाईंनी मान वर केली नाही. पदराला हात पुसले, हात कोरडेच होते. मग एकदम म्हणाल्या, "डबा कुठाय?"

"कसला डबा?"

"बटणांचा. वन्सं, तुमच्या पिशवीत आणलाय ना?"

*

काचेच्या पेटीतल्या बाळांच्या खोलीबाहेर धाकटी चाकांच्या खुर्चीत बसली होती. काचेपलीकडे तिची लेक, मुठीएवढं तोंड, डोक्यावर बापानं शिवलेली टोपी. शर्टाच्या उरलेल्या कापडाची होती, आणि शिवण इतकी सरळ की मास्तरांनी दोनदा तपासली होती. ऑर्डर मंगळवारी गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी कारण ऐकल्यावर एक दिवस जास्त दिला, आणि वर मुलांकडून शुभेच्छांचा कागदही पाठवला.

सासूबाई आल्या त्या थेट खुर्चीसमोर. बसायला जागा नव्हती. त्या गुडघ्यांवर बसल्या. सत्तरीला टेकलेले गुडघे कुरकुरले.

"आई, अहो, उठा!"

"बसू दे. उभ्यानं बोलता येणार नाही." त्यांनी सुनेचे दोन्ही हात धरले. "त्या वेळी मी बोलले होते. माहेरचं, थंडीचं. ते खोटं होतं. मला काही ठाऊक नव्हतं, पण दुःखाला कुणीतरी धनी हवा होता, आणि तू जवळ होतीस. ते वाक्य मी परत घेते. दोन वर्षं उशीर झाला."

धाकटीला रडायचं होतं, आणि टाके दुखत होते म्हणून नीट रडताही येत नव्हतं. तिनं सासूच्या कपाळाला कपाळ टेकवलं. काचेवर दोघींच्या श्वासांचा एकच ढग उमटला.

"आणि या वेळचा खोकला..."

"ठाऊक आहे मला," धाकटी म्हणाली. "पण वाटीतलं खोटं तुम्हीच उघड केलंत. तुम्हाला गप्प बसता आलं असतं."

"नाही आलं असतं," सासूबाई म्हणाल्या आणि मग प्रामाणिकपणे भर घातली, "थोडा वेळ आलं होतं."

दोघींना एकदम हसू फुटलं. "हळू हो," धाकटी पोट धरून म्हणाली, "टाके उसवतील!"

"उसवले तर घरात चार शिंपी आहेत," मागून आत्या म्हणाली, आणि पिशवीतून डबा आणि वाटी काढली.

काचेपलीकडे पोरीला परिचारिकेनं दुपट्यातून मोकळं केलं होतं. काडीसारखे दोन पाय. आधी एक उचलला गेला, जणू विचार करून. मग दुसरा. सासूबाईंनी डब्यातलं एक बटण वाटीत टाकलं. टण्. मग दोन पाय एकदम. टण्, टण्. मग पोरीनं जोरच धरला. हवेत लाथा, डावी, उजवी, पुन्हा डावी. मोजदाद करणाऱ्या बाईचा हात पुरेना. बाजूला उभा असलेला दोरा मदतीला वाकला. भिंगवाली वाकली, पांढरा कोट अंगात तसाच. "अगं, ही एक राहिली!" "ती धरली मी!" "ती लाथ नव्हती, शिंक होती!" "शिंकेलाही एक!"

परिचारिकेनं काचेवर टिचकी मारून आवाज कमी करायला सांगितलं. कुणी केला नाही.

डब्याचा तळ दिसला. सासूबाईंनी आत बोट फिरवलं, एक अडकलेलं बटण निघालं, तेही पडलं. पोरगी अजून लाथा झाडतच होती. सासूबाईंनी कमरेचा फोन काढला, आणि घरी मास्तरांना लावला.

"अहो, बटणं घेऊन या. हो, आत्ताच. सगळी संपली इथली." पलीकडून मास्तरांनी भीत भीत काहीतरी विचारलं. सासूबाईंनी काचेपलीकडच्या त्या दोन पायांकडे पाहिलं, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चालतील! चार भोकांचीसुद्धा चालतील!"